गळा रिकामा ठेवू नये

लग्न ठरायच्या आधी मला बघायला मंडळी मोहोळला आली, तेव्हा त्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं, सुईत दोरा ओवायला लावला आणि एका बाईंनी तर वेणी खरी आहे का, हे ओढून पाहिलं. मला वाटलं, झालं, परीक्षा संपली. पण लग्न होऊन महिना झाला नाही तोच नवरा नोकरीवर कॅनडाला गेला, आणि बायको म्हणून मला तिकडे कायमचं राहायला न्यायचं ठरलं, तेव्हा त्या देशाच्या सरकारनंही मला बघायचं काढलं. फरक इतकाच की सरकारला वेणीत रस नव्हता. बाईची वर्तणूक चांगली आहे असं पोलिसांनी लिहून द्यावं आणि छाती साफ आहे असं डॉक्टरांनी. दोन्ही जमलं तर नवरा मिळणार, नाहीतर नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तोवर मी सोलापुरात, गिरणीच्या मागच्या वस्तीत, सासूबरोबर राहत होते. तिला मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडे तशीच रीत. सासरे गिरणीत सूतखात्यात होते. मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते छातीच्या दुखण्यानं गेले होते. त्या दुखण्याचं नाव आमच्या वस्तीत कुणी घेत नसे. "त्यांचं छातीचं होतं," एवढं म्हणायचं आणि विषय बदलायचा. आत्याबाईंनी पुढे एकट्यानं पोराला शिकवलं, आणि शिकून ते इतकं लांब गेलं.

घरात आम्ही दोघीच. दोघींनाही शेवटचा शब्द आपलाच लागायचा, त्यामुळे दिवस बरे जायचे. नवऱ्याची पत्रं यायची. तो तिकडच्या बर्फाबद्दल लिहायचा आणि मी ते आत्याबाईंना वाचून दाखवायची. शेवटच्या चार ओळी माझ्यापुरत्या असत. तिथं मी थांबले की त्या लगेच "चहा टाकती," म्हणून उठायच्या. इतकं शहाणपण मी पुढे फार कमी माणसांत पाहिलं.

आधी पोलीस आले. एक हवालदार सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहिला.

"मावशी, फॉरेनला जानारी सूनबाई हितंच राहती न्हवं?"

"राहती की. काय केलं तिनं?"

"केलं न्हाय वो काय. चौकशी हाय. चालचलन कसं हाय, बघायचं."

आत्याबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या सुनंचं चालचलन पोलिसानं बघायचं?"

"माझं काय न्हाय, मावशी. वरून कागद आलाय. भांडणतंटा, मारामारी, असलं कायबाय केलंय का तिनं?"

"भांडती की. माझ्याशीच भांडती," आत्याबाई म्हणाल्या. मी आतून ऐकत होते. "भाकरी जाड थापती, अन् वर म्हनती पोटाला चांगली. भोंगा झाला तरी उठत न्हाय. चहात साकर वतती नुसती."

हवालदारानं पेन वर धरलं. "हे लिवू व्हय?"

"लिवा की. खरं हाय ते."

"अन् चांगलं काय?"

आत्याबाईंना तो प्रश्नच कळला नाही. "चांगलं काय म्हंजे? सून हाय ती माझी."

हवालदारानं काहीतरी थोडकंच लिहिलं, शेजारच्या दोन घरी विचारलं, चहा घेतला आणि चहात साखर बरोबर आहे असं जाताना सांगून गेला. पोलिसांचा कागद चांगला आला. मी आत्याबाईंवर दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी भाकरी पातळ थापली आणि ती तव्यावर फाटली, तेव्हा दोघी हसलो.

मग डॉक्टर. कॅनडावाल्यांनी ठरवून दिलेल्या डॉक्टरांत सोलापूरचे एकच होते. त्यांच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायचा होता, आणि अंगावर सोनंनाणं काही चालणार नाही असं आधीच सांगितलं होतं. म्हणजे मंगळसूत्र काढावं लागणार.

आत्याबाई ऐकेनात. "पोरगं सातासमुद्रापल्याड बसलंय, अन् हिचा गळा रिकामा? एका घटकेला बी न्हाय."

आमच्याकडे मंगळसूत्र तुटलं किंवा ओवायला सोनाराकडे दिलं, तर तेवढ्या वेळापुरतं दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात. नवऱ्याच्या नावाचा गळा रिकामा राहू नये म्हणून. त्यांनी डब्यातून चांगलं जाड, गाठीगाठीचं हळकुंड निवडलं, दोरा पिवळा केला आणि शेजारच्या अक्काला हाक मारली. अक्का म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरची बाई, दिवसभर विड्या वळायची. दोरा तिनं बांधला. आत्याबाई स्वतः बांधायच्या नाहीत. विधवेनं सवाष्णीच्या मंगळसूत्राला हात लावायचा नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की माझा गळा त्या नुसत्या डोळ्यांनीच सांभाळायच्या.

दवाखान्यात अक्का बरोबर आली. मंगळसूत्र तिच्या पदराच्या गाठीत बांधलं. आतल्या नर्सनं मला मागून बांधायचा झगा दिला आणि विचारलं, "सोनं, चांदी, पिना, काही नाही ना?" मी नाही म्हटलं, ते खरंच होतं. हळकुंड काही सोनं नव्हे. पण शिकलेल्या बाईनं ते बघून हसू नये म्हणून मी ते झग्याच्या आत डाव्या खांद्याकडे सरकवलं आणि काचेसारख्या गार फळीला छाती लावून श्वास धरला. फोटो निघाला, अक्कानं बाहेर माझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं, दोरा सोडला, मग डॉक्टरांनी नळी लावून तपासलं. सगळं ठीक वाटलं.

आठवड्यानं बोलावणं आलं. डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "डाव्या बाजूला, वर, एक सावली दिसतेय. घरात कुणाला छातीचा आजार होता का?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, थुंकी तपासू, थोडे दिवस जाऊ देऊ, मग पुन्हा फोटो काढू. सावली राहिली तर तसं तिकडे कळवावं लागेल. मग कॅनडाचं काय, हे मी विचारलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मला खोकला नव्हता. पण त्या दिवसापासून मी स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू लागले. जिना चढून दम लागला तरी वाटायचं, हेच ते. सासरे ज्या भिंतीला टेकून बसत म्हणे, त्या भिंतीकडे मी बघेनाशी झाले. नवऱ्याला काय लिहायचं सुचेना, म्हणून मीही बर्फाबद्दलच विचारलं.

आत्याबाईंनी अंडी आणायला सुरुवात केली, त्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. माळकरी बाई, पण स्वतः स्टोव्हवर उकडायच्या, तोंड फिरवून सोलायच्या आणि मी खाल्लं का, ते बघत बसायच्या. माझं अंथरूण त्यांनी उन्हात घातलं. माझी वाटी वेगळी ठेवतील असं मला वाटलं होतं, वस्तीत तसंच करायचे. त्यांनी उलट केलं. माझ्या ताटातली उरलेली भाकरी उचलून त्या खाऊ लागल्या. मी ताट ओढलं तर म्हणाल्या, "मला काय हुतंय? त्यांचं खाल्लं तवा बी काय झालं न्हाय."

एके दुपारी शेंगाची चटणी कुटताना त्यांचा हात मध्येच थांबला.

"पोरी, एक सांगू? तुजं काम जरा लांबावं, असं मी देवापाशी म्हनले हुते."

मी हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर बसले.

"लई न्हाय. पोळ्यापतुर म्हनले. घर खायाला उठंल ना मला. पर असं न्हवतं मागितलं. ह्या घरानं त्यांना खाल्लं, तेच घर मी तुज्यासाटी मागत बसले बग."

आणि त्या रडल्या. मुसळ धरूनच रडल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता कदाचित, मी काही संत नाही. पण आपण गेल्यावर कुणाला तरी घर खायला उठेल, हे मला आयुष्यात कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी त्यांच्या हातातून मुसळ घेतलं आणि चटणी मी कुटली. फार बारीक झाली. त्याबद्दल त्या दुसऱ्या दिवशी बोलल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

पुन्हा फोटो काढायचा दिवस आला. अक्काला त्या दिवशी विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या होत्या, त्यामुळे तिनं सकाळीच हळकुंडाचा दोरा माझ्या गळ्यात बांधला आणि टोपली घेऊन गेली. आत्याबाई एकट्याच माझ्याबरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या. मंगळसूत्र मी रुमालात बांधून कमरेला खोवलं.

या वेळी डॉक्टरांनी फोटोच्या आधी तपासलं. नळी लावायला त्यांनी झगा खांद्यावरून थोडा सरकवला आणि थबकले.

"हे काय?"

"हळकुंड."

"ते दिसतंय. का घातलंय?"

मी सांगितलं. गळा रिकामा ठेवू नये म्हणून.

"मागच्या वेळी पण होतं?"

"हो."

"कुठे होतं?"

मी डावा खांदा दाखवला. डॉक्टर उठले, जुनी फिल्म काढून खिडकीला लावली आणि माझ्याकडे, मग फिल्मकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. एवढा गंभीर माणूस, पण खुर्चीत बसून हसू लागला. नर्सही हसली. मला हसू की रडू कळेना. हुंदका आला तो मात्र खराच होता.

"आता हे काढून या," ते म्हणाले. "कॅमेऱ्यापुढे काही म्हणजे काही नको. मग बघू सावली जाते का. आधीच खुश होऊ नका."

मी बाहेर आले आणि आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"म्हंजे मीच केलं व्हय हे?"

"अजून ठरलं नाही. दोरा काढून फोटो काढायचाय. गळ्यात काही ठेवायचं नाही म्हणतात."

मला वाटलं, आता वाद होणार. त्यांनी डोळे मिटले. काय म्हणाल्या देवाला, ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाल्या, "काढ."

दोऱ्याची गाठ मीच सोडली. हळकुंड त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते मुठीत धरलं. मी आत गेले. गार फळीला छाती लावताना गळा इतका हलका वाटला की भीती वाटली, आणि श्वास धरल्यावर मी मनात नवऱ्याचं नाव घेतलं. एरवी उखाण्याशिवाय ते कधी घेतलं नव्हतं.

फिल्म धुऊन वाळेपर्यंत आम्हाला थांबवून घेतलं. शेवटी डॉक्टर स्वतःच दारात आले आणि म्हणाले, "साफ आहे. थुंकीतही काही निघालं नव्हतं. तुम्हाला काही झालेलं नाही."

आत्याबाई उठल्या आणि परत बसल्या. मी रुमाल सोडून मंगळसूत्र बाहेर काढलं, पण गळ्यात घातलं नाही. त्यांच्यापुढे धरलं.

"तुम्ही घाला."

त्या एकदम मागे सरकल्या. "येडी का काय? घरी चल, अक्का घालंल."

"अक्का कारखान्यात आहे. तोवर गळा रिकामा ठेवायचा का?"

"माजा हात..." त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पदराखाली घेतले.

"तुमच्याच मुलाचं आहे ना ते," मी म्हटलं आणि त्यांच्यापुढे मान वाकवली.

त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. हात पदराला पुसले. मग काळे मणी माझ्या डोक्यावरून खाली आले. मण्यांत माझे केस अडकले, तेही त्यांनी एकेक करून सोडवले. वाट्या सरळ केल्या. त्यांची बोटं हळदीनं पिवळी झाली होती.

घरातून निघणाऱ्याला त्या कधी "जा" म्हणाल्या नव्हत्या. भाजी आणायला निघाले तरी "ये" म्हणायच्या, ती रीतच आहे. त्या दिवशी त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आता जा माज्या लेकाकडं," म्हणाल्या.

आणि हेच ऐकायला इतके महिने वाट बघणारी मी, त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि दवाखाना बंद करायला माणूस येईपर्यंत उठले नाही.