जिवंत माणसाची तसबीर

तुमच्यातल्या एकीने चांगली नोकरी सोडून चित्रं काढायचं ठरवलं आहे आणि परवा फोनवर मला विचारलं, "आजी, आर्टिस्ट म्हणून सस्टेनेबल करिअर कसं करायचं गं?" तिच्या बाबांनी मागून खोकून दाखवलं. तेव्हा मी फोन ठेवला, गॅसवर दूध होतं. आता सवडीने लिहिते. बाकीच्या नातवंडांनीही वाचावं. नोकरी कुणाची कधी सुटेल सांगता येत नाही.

पहिली गोष्ट अशी की मी या धंद्यात शिरले ती शाळेतून निवृत्त होऊन, पेन्शन सुरू झाल्यावर. त्यामुळे उपाशी कलावंत वगैरे मी कधीच नव्हते. पोट भरलेलं होतं. मला हवं होतं ते एवढंच की लोकांनी मला चित्रकार म्हणून कामाला बोलवावं, 'रिकाम्या बाईचा छंद' म्हणून नाही. हे पोट भरण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते एकदा माझ्या हातून जवळजवळ गेलंच होतं. ती हकीकत सांगते.

तुमचे आजोबा गेले तेव्हा फोटो हवा म्हणून तुमच्या काकाने गावातल्या एका स्टुडिओत त्यांचं डोकं दिलं. म्हणजे त्यांच्या डोक्याचा फोटो दिला. स्टुडिओवाल्याने संगणकात ते डोकं कापून एका निळ्या कोटावर बसवलं, खाली लाल टाय लावला आणि मागे तळं, तळ्यात बदकं. आदिलाबादेत निम्म्या मेलेल्या पुरुषांच्या अंगात तोच निळा कोट आहे. कुणाच्याही घरी सांत्वनाला जा, भिंतीवर तीच बदकं पोहत असतात. तुमच्या आजोबांनी जन्मभर दुकान चालवलं, कोट कधी घातला नाही. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात पेन, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच चष्मा घरभर शोधायचा, असा तो माणूस. कोटातल्या त्या परक्याला रोज हार घालायला मला जड जाई.

लहानपणी माहेरी, यवतमाळकडे, मी शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यानंतर फळ्यावर सफरचंद आणि हत्ती सोडून काही काढलं नव्हतं. तरी तैलरंग मागवले, शाळेतून भंगारात निघालेला फळ्याचा स्टँड घरी आणला आणि वर्षश्राद्धाच्या आत त्यांना बुशशर्टात रंगवलं, कपाळावरच्या चष्म्यासकट. नाक जरा बिघडलं, पण ते मुळातही बिघडलेलंच होतं. जेवायला आलेली मंडळी चित्रासमोर येऊन थबकायची. शेजारचा दुकानदार म्हणाला, "हे तं आता उठून शटर उघडतीन."

त्याच्याच वडिलांचं काम मला पहिलं मिळालं.

मेलेल्या माणसांची चित्रं काढण्यात एक मोठी सोय असते, ते बसून बसून कंटाळत नाहीत. अडचण जिवंत नातेवाइकांची. आईबापाचा चेहरा म्हणून लोक मला काय काय आणून देत! आधार कार्डाची झेरॉक्स, कुणाच्या तरी लग्नाच्या घोळक्यात पाठमोरं उभं असलेलं कुणीतरी. एकजण नुसता कान घेऊन आला होता. बाकीच्या चेहऱ्यासमोर कुणीतरी आइस्क्रीमचा कप धरला होता. शिवाय बाप उजळ हवा. जन्मभर सुनेकडे बघून न हसलेली सासू हसरी हवी, आणि ही मागणी मुलाची असते, सून गप्प उभी असते. मी शाळेत असताना जशी शिस्त लावत होते तशी इथेही लावली. रंग एक छटा उजळ करीन, दोन नाही. पडलेले दात बसवून देणार नाही. निळा कोट रंगवणार नाही, मयताने शपथेवर मागितला तरी.

सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते मोबदल्यासाठी. "बाई, तुमाला तं टाइमपास हाय," असं म्हणत लोक रव्याचे लाडू आणून द्यायचे. मी लाडू ठेवून घ्यायचे आणि अर्धी रक्कम आधी दिल्याशिवाय कॅनव्हासला हात लावायचे नाही. लोकांना राग यायचा. पण राग आलेलं गिऱ्हाईक परत येतं, कीव आलेलं येत नाही. हळूहळू शेजारच्या मावल्यापासून लांबच्या वांकिडीपर्यंत नाव झालं. तेलुगू घरांतूनही 'फोटो अम्मा' म्हणून विचारत यायला लागले. मला वाटलं, झालं, लागला धंदा मार्गी.

मग एका उन्हाळ्यात मावल्याचा एक भाजीवाला म्हातारा आला. त्याचा स्वतःचा मळा, वांगी आणि कोथिंबीर पिकवून बाजारात बसणारा. डोक्याला फेटा, मिशा अशा की आधी त्या दारात आल्या आणि मग तो. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कोण गेलं?

"कोनी नाई गेलं. मीच जाईन कवा तरी. माही काहाडून ठेवा."

त्याच्या थोरल्या भावाला मुलांनी निळ्या कोटात टांगलं होतं. त्याची स्वतःची मुलंही तेच करतील याबद्दल त्याला खात्री होती, आणि आधारवरच्या फोटोत तो, त्याच्याच शब्दांत, कोंबडी चोरून पळणाऱ्यासारखा दिसत होता. म्हणून मरणानंतरची तसबीर त्याला स्वतः बसून, स्वतः पसंत करून घ्यायची होती. मला तो माणूस फार आवडला. चेहरा समोर बसलेला आहे, नाक कुठे संपतं ते दिसतं आहे, अशी चैन मला कधी मिळालीच नव्हती. मी काम घेतलं.

आता, आपल्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याने हट्टच धरला की हारासकट काढा, झेंडूचा, आमच्याच मळ्यातला. मुलं हारात चालढकल करतील म्हणे. मी हसून हो म्हटलं. इंग्रजी शिकवून शिकवून आपण अंधश्रद्धेच्या पलीकडे गेलो आहोत असा मला तेव्हा भरवसा होता.

तो दुपारचा बाजार उठला की येऊन बसायचा. पोट दिसू नये म्हणून बैठकीच्या दिवशी तो जेवतच नव्हता, हे मला नंतर कळलं. मे महिना, आदिलाबादचं ऊन, वर माझ्या टर्पेंटाईनचा वास. चेहरा पूर्ण झाला आणि मी गळ्यातला झेंडू रंगवायला घेतला, तोच तो स्टुलावरून सरळ खाली आला, फेटा एकीकडे, माणूस एकीकडे. मी पाणी मारलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या, ऑटोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, उपाशीपोटी चक्कर आली आहे, जेवू घाला. दुसऱ्या दिवशी तो घरी गेलासुद्धा.

पण बाजारात डॉक्टरांना कोण विचारतो? बातमी पसरली ती अशी: बाईनं गळ्यात हार रंगवला अन् माणूस आडवा झाला.

पुढच्या आठवड्यात एक मुलगा आपल्या आईचा फोटो परत न्यायला आला. त्याची आई मरून कितीतरी वर्षं झाली होती, तिला आता माझ्या ब्रशने आणखी काय होणार होतं? पण तो म्हणाला घरचे नको म्हणून राह्यले. मग आणखी दोघं आले. रस्त्याने जाताना एक बाई आपल्या मुलाचं तोंड पदराने झाकून घेऊन गेली, जणू मी चालता चालता त्याचं चित्रच काढून टाकणार होते. स्टुडिओवाला म्हणे गिऱ्हाइकांना सांगत होता की आमच्याकडे आजवर कुणी पडलं नाही. माझा फ्रेमवाला भला माणूस, तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, आता माणसं सोडा. निर्मलचे चितारी कसे हरणं काहाडतात, पोपट काहाडतात. हरीण मेलं तं कोन इचारायले येते?"

मी दारावरची पाटी उतरवली नाही, पण रोज सकाळी तिच्याकडे बघणं टाळायचे. कापसाच्या पेरणीची धावपळ आहे म्हणून लोक येत नाहीत, असं स्वतःला समजावायचे. तुमच्या काकाने फोनवर सांगितलं, आई, बरंच झालं, आता आराम कर. आराम हा शब्द ऐकला की मला आजही कसंतरी होतं. एवढी वर्षं नोकरी करून मी एक नाव मिळवलं होतं, ते शाळेचं होतं. हे दुसरं माझं एकटीचं होतं आणि ते एका उपाशी म्हाताऱ्याच्या चकरेपायी गेलं होतं.

आणि मग तो म्हातारा पुन्हा आला. जेवून आला होता, तसं त्याने दारातच जाहीर केलं. पाठोपाठ त्याची बायको. बुटकी, रुंद, हातात भाजीची पिशवी, आणि ती माझ्याकडे असं पाहत होती की मला माझं शिकवणं आठवलं. अशा नजरेनेच मी वर्गात पोरांना बाकावर उभी करायचे.

म्हाताऱ्याचं म्हणणं साधं होतं: पैसे दिलेत, काम पुरं करा. बायकोचं म्हणणंही साधं होतं: पुरं केलं तं माणूस जाईन. दोघं माझ्या पुढच्या खोलीत भांडत राहिले. त्याने सांगितलं की तसाही मी जाणारच आहे. तिने सांगितलं की जायचं तर मळ्यातली मोटार दुरुस्त करून जा. माझी अडचण वेगळीच होती. चित्र पुरं केल्यावर तो पुढच्या महिन्यात खरंच गेला असता तर मला गाव सोडावं लागलं असतं. अर्धं ठेवलं असतं तर मी घाबरले असं मी स्वतःच सिद्ध केलं असतं, आणि घाबरलेल्या चित्रकाराकडे कुणी कशाला यावं?

बायको चित्रापुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी याले एकटा काऊन काहाडला?"

मी म्हटलं, ते एकटेच आले होते.

"एकटा टांगला म्हून मेल्यावानी दिसते. हार पुसा. अन् मले काहाडा याच्या बाजूले. दोघं असलो तं कोन म्हनन मेला म्हून?"

बरोबरच होतं. आपल्याकडे मेलेला माणूस एकटा टांगतात. जोडी दिसली की ती लग्नाची, नाहीतर तिरुपतीला गेले तेव्हाची. इतकी वर्षं भिंती पाहून ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. म्हातारा मात्र बिथरला. चित्र त्याचं होतं, मधोमध तो होता, आता हिला कुठे बसवणार? मी मोजून पाहिलं. बाजूला जागा होती, पण तिच्या अंगलटीला पुरेशी नव्हती. तिचा खांदा आला तर त्याचा डावा हात झाकला जाणार होता.

"माहा हात गेला," तो म्हणाला.

"तसाबी तो कोन्या कामाचा होता," बायको म्हणाली आणि स्टुलावर बसली.

तिच्या बैठका चालल्या तसे लोक खिडकीतून डोकावून जायला लागले, कोण पडतं ते बघायला. ती पडणाऱ्यातली नव्हतीच. पिशवीत भाकरी आणि ठेचा आणायची, खात खात बसायची, आणि मला सूचना द्यायची. साडी अंगावर होती ती नाही, मोरपिशी. कपाळ आहे त्याहून रुंद नको. रंग एक छटाच उजळ करीन, असं मी सांगितलं तर म्हणाली की मग त्याला एक छटा काळा करा, म्हणजे हिशेब जमतो. मी केला. माझ्या नियमांत काळं करण्याबद्दल काही नव्हतं.

हार पुसला, त्या जागी फेट्याचा सुटलेला शेमला खांद्यावर आणला. ज्या दिवशी चित्र पुरं झालं त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की कागदात गुंडाळून देते. बायको नको म्हणाली. मुद्दाम भर बाजाराच्या वेळी ऑटो आणला, चित्र उघडं आपल्या मांडीवर रस्त्याकडे तोंड करून धरलं. म्हातारा शेजारी बसला, पण चित्र एवढं मोठं की तो पुरता मागे झाकला गेला. मीही दुसऱ्या ऑटोने मागे निघाले. मला बघायचं होतं, खोटं कशाला सांगू?

भाजीबाजाराच्या तोंडाशी गर्दीत ऑटो थांबला. तिथे एक अडत्या उभा होता, म्हाताऱ्याच्या रोजच्या ओळखीचा. त्याला बायको दिसली, गंभीर चेहऱ्याने बसलेली, आणि मांडीवर म्हाताऱ्याची तसबीर, तिची स्वतःची बाजू ऑटोच्या पडद्याआड गेलेली. त्याने टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाला की फार चांगला माणूस होता, वजनात कधी मारलं नाही.

चित्राच्या मागून मिशा बाहेर आल्या. त्यानंतर जी शिवी आली ती मी तुमच्यासाठी लिहिणार नाही. तिच्यात त्या अडत्याच्या तराजूचा आणि त्याच्या काही पिढ्यांचा उल्लेख होता. सगळा बाजार वळून बघायला लागला. बायकोने चित्र आणखी उंच धरलं. टमाट्याच्या पाट्या सोडून बायका ऑटोपाशी आल्या, एकदा चित्राकडे बघायच्या, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि तो दोन्ही हात हलवून, डावाही हलवून, शिव्या देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायऱ्या झाडत होते तेव्हा तोच अडत्या आला, सोबत त्याची म्हातारी आई. तिला जिवंतपणीच काढायचं होतं, मुलासोबत, एकटी अजिबात नाही. मी अर्धी रक्कम आधी मागितली. त्याने कुरकुर केली, लाडूंबद्दल काहीतरी विचारलं, आणि खिशात हात घातला.