भाऊंच्या नावाने आलेली पत्रिका

टपालभाऊंना कोणा चोराने फसवलं आणि मग भाऊंच्या नावाने आम्हा सगळ्यांना फसवलं. भाऊंनी कोणालाही फसवलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पवनानगरच्या बाजूला आजही उलटंच बोललं जातं.

भाऊ आमच्या भागातले पोस्टमन. पत्र परत पाठवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. धरणामुळे उठून दुसरीकडे गेलेल्या माणसांची पत्रं जुन्याच गावच्या पत्त्यावर येत. दुसरा कोणी 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून मोकळा झाला असता. भाऊ मात्र बाजारात, जीपच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात विचारत फिरायचे आणि माणूस शोधून काढायचे. "नाव हाये ना वर? मग त्याला पोचलंच पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीने घरी संगणक घेऊन दिला. परीक्षेचा अर्ज असो की कंपनीतली नोकरी, ईमेल लागायचाच, आणि खातं उघडून द्यायला सगळे भाऊंकडे जायचे. असे सगळ्यांचे पत्ते त्यांच्या संगणकात गोळा झाले. मी तळ्याकाठी तंबू लावते. पर्यटकांना पिठलं-भाकरी विकत सुरुवात केली, कोणाच्या आधाराने उभी राहिले नाही. माझंही खातं भाऊंनीच उघडलं. पासवर्ड म्हणून मी मुलीचं नाव सांगितलं, तर माझ्याकडे बघत म्हणाले, "कुलूप लावून चावी उंबऱ्यावर ठिवतीस का?" तो बदलायला लावला. मग ईमेल कसा वाचायचा ते पाकिटाच्या भाषेत शिकवलं. "लॉटरी लागली म्हननारं आलं तर फेकून दे. पाठवनारा कोन ते बग, सुनंदे. वळकीचा आसंल तरच पाकीट फोड."

भाऊ लॉटरीला फसणारे नव्हतेच. त्यांना आलेल्या ईमेलवर सरकारी वाटेल असा शिक्का होता आणि मजकूर होता की आपल्या नावचं टपाल पोहोचवता आलेलं नाही. खात्री पटवण्यासाठी ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड भरा, नाहीतर ते परत जाईल. दुसऱ्या कोणी ते वाचून सोडून दिलं असतं. टपाल परत जाणार म्हटल्यावर भाऊंना कसं राहवणार? त्यांनी पासवर्ड भरला.

त्यानंतर भाऊंच्या खात्यातून आम्हा सगळ्यांना ईमेल गेला. घरी कार्य आहे, पत्रिका जोडली आहे, उघडून पाहावी. भाऊंची नात लग्नाची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शिकवल्याप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. नाव भाऊंचं. पत्रिका उघडली.

पत्रिका नव्हतीच. बघता बघता माझी बुकिंगं, हिशेब, परवान्याचे कागद, सगळं कुलूपबंद झालं आणि पडद्यावर खंडणीची नोटीस आली. हंगाम तोंडावर होता. कोणत्या शनिवारी कोण येणार हे मला सांगता येईना. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करून मी घर चालवलंय. या चोरांशीही करून पाहिली. खाली दिलेल्या पत्त्यावर लिहिलं की निम्म्यात सोडा. उत्तर म्हणून तीच नोटीस पुन्हा आली. समोर तोंड नाही, आवाज नाही, चेहऱ्यावरची हाव नाही. भाव कोणाशी करायचा?

भांडायलाच मी भाऊंच्या घरी गेले. ते अंगणात चपला घालत होते. पत्रिका खोटी आहे हे घरोघर जाऊन सांगायला निघाले होते, टपालाच्या जुन्या फेरीच्या वाटेने. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "नाव माजं व्हतं, सुनंदे. हात माजा न्हवता." मी त्यांच्याबरोबर चालू लागले.

कोणी ऐकून घेतलं, कोणी टोमणे मारले. नातीच्या लग्नाचं जेवण कधी, असंही एकाने विचारलं. शेवटी गेणूमामांचं घर आलं. त्यांच्या मुलाला नोकरीचा कागद आला तेव्हा ओढ्याला पाणी होतं, आणि भाऊ तो डोक्यावर बांधून पलीकडे गेले होते. मामांनी दार अर्धं उघडलं. "आता आजून काय आनलंय, भाऊ?" म्हणाले आणि लावून घेतलं. भाऊ बंद दाराला सांगत राहिले, "पत्रिका उघडू नका. उघडली आसंल तर आधी इंटरनेटची वायर काढा." आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

मग पोलीस चौकीत गेलो. तक्रार घेणाऱ्या साहेबांनी सगळं ऐकून एकच विचारलं: पासवर्ड तुम्हीच भरलात ना? भाऊ "व्हय" म्हणाले.

पुढे त्यांनी बाजारात येणं सोडलं. संगणकावर चादर टाकली. मी त्यांना सांगायला जायची की सगळ्याची प्रत आता वेगळ्या डिस्कवर ठेवते आणि डिस्क काढून कपाटात टाकते. ओळखीच्याचं जोडपत्र आलं तरी आधी फोन करून विचारते. ते मान हलवायचे, पण ऐकत नव्हते. अंगावरचा सदरा सैल होत गेला. अखेर मुलगी त्यांना सांगलीला घेऊन गेली. थांब्यावर माणसं होती. भाऊंना निरोप द्यायला कोणी पुढे आलं नाही.

मी अधूनमधून फोन करते. तो मुलगी उचलते. भाऊ शेजारीच असतात, पण फोन हातात घेत नाहीत. मुलगी रडत सांगते, ते एवढंच म्हणतात, "नाव सुनंदेचं दिसतंय. बोलतंय कोन, काय ठावं."

चोर कुठे बसलाय ते कळणार नाही, असं मला सांगण्यात आलं. मुकाट्याने ऐकलं, कारण इलाज नाही. पण दारं लावणारे इथेच राहतात, रोज भेटतात. ज्या माणसाच्या हातून तुम्ही मनीऑर्डरी घेतल्या, मयताच्या तारा घेतल्या, त्याला एका ईमेलवरून चोर कसं ठरवलंत? भाऊ जिवंत आहेत, तोवर उत्तर पाहिजे, आणि ते मला नको, सांगलीला जाऊन त्यांना द्यायचं. गेणूमामा, सुरुवात तुम्ही करायची.