चाचांनी रचलेली व्युत्पत्ती

ग्रुपमधल्या एका बाईंनी हात वर केला तेव्हा बाकी सगळे हसत होते आणि मी मेंढा तोफेशेजारी ऐटीत उभा होतो.

मी दौलताबादच्या किल्ल्यावर गाइड आहे, बावीस वर्षं. त्या दिवशी इंग्लंडहून आलेले बारा निवृत्त शिक्षक सोबत होते. टूर कंपनीच्या मॅनेजर मॅडमही आल्या होत्या. पुढच्या वर्षी कंपनीचे ग्रुप मला द्यायचे की दुसऱ्याला, हे त्या ठरवणार होत्या. माझं घर त्याच ग्रुपांवर चालतं, त्यामुळे सकाळपासून मी जरा जास्तच गोड बोलत होतो.

परदेशी पाहुण्यांना शब्दांच्या गोष्टी लई आवडतात. दारूगोळ्याच्या कोठाराला इंग्रजीत मॅगझिन म्हणतात. तो शब्द अरबीतल्या 'मखझन'वरून, म्हणजे कोठारावरूनच गेला. इंग्रजांनी इथून लूट नेली, तेव्हा 'लूट' हा शब्दही नेला. हे खरं आहे. पण तोफेपाशी माझा हुकमी एक्का वेगळाच होता. कॅनन हा शब्द आपल्या 'कान'वरून आला, कारण तोफ उडाली की आधी कान जायचे! हे मला उस्तादांनी, म्हणजे रहीमचाचांनी शिकवलं. आमच्या धंद्यात पुस्तक नंतर, उस्ताद आधी. त्यांच्या मागं दोन वर्षं हिंडायचं, ते बोलतील ते पाठ करायचं, आणि 'माहीत नाही' कधीच म्हणायचं नाही.

बाईंनी विचारलं, हे कुठं वाचलंत? त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. त्यांच्या माहितीप्रमाणे तो शब्द लॅटिनमधल्या बोरूवरून, म्हणजे पोकळ नळीवरून आला होता. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. एखादी थाप ठोकून वेळ मारून नेता आली असती, हातखंडाच होता तो. पण बाई मला पकडायला विचारत नव्हत्या, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "ज्यांनी शिकवलं त्यांनाच विचारतो."

चाचा आता सिल्लोडला मुलाकडं असतात. फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि विचारलं, इथं तोफेपाशी बसलेल्या बाई विचारतायत, कॅनन आणि कानाचं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"कुणी नाय रे, मीच रचलं," चाचा म्हणाले. "लोक तोफेपाशी दमून बसायचे. पुढं अंधारी, वर एवढ्या पायऱ्या. हसले की उठायचे."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. लाजेनं मान वर होईना. बाई मात्र पोटभर हसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या तिथंच थांबणार होत्या. आता काठी टेकत उठल्या आणि अंधारीतला काळोखा बोगदा पार करून, टप्प्याटप्प्यानं थांबत थेट वरच्या बारादरीपर्यंत आल्या.

काम माझ्याकडंच राहिलं. मॅडमनी एवढंच बजावलं की यापुढं बनावट गोष्ट रचणाऱ्याच्या नावासकट सांगायची. तशीच सांगतो. 'माहीत नाही' म्हटल्यानं गाइडची रोजी जात नाही, हे कळायला मला बावीस वर्षं लागली.

संध्याकाळी आभार मानायला चाचांना पुन्हा फोन केला. माझी भाकरी, माझी इंग्रजी, सगळं त्यांचंच देणं. आज कुठं तोंडानं म्हणालो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई वर पोचली का?"

"पोचली."

"मग बरोबरच शिकवलं व्हतं तुला."