बंबवाल्या काकांच्या परसातली आग

शेजारच्या परसातून धूर येताना दिसला आणि माझ्यातला शूरवीर जागा झाला. एरवी तो सहसा उठत नाही. कुंपणावरून उडी मारून (म्हणजे आधी अडकून, मग पडून) मी त्या आगीवर दोन बादल्या पाणी ओतलं आणि शाबासकीसाठी वळलो. मागे बंबवाले काका उभे होते. हातात काडेपेटी.

काकांनी पस्तीस वर्षं आगीचा बंब चालवला. ते निवृत्त झाले, पण नावातला बंब काही झाला नाही.

"विझवलीत?" त्यांनी विचारलं.

"वेळेवर पोचलो म्हणून!"

"हो ना. पाच मिनिटं उशीर केला असतात, तर बी उगवलं असतं."

पत्र्याच्या उथळ टोपलीत माती होती, मातीत डोंगरावरच्या एका झुडपाचं बी, आणि वर पेटवलेला वाळका पाला. हे झुडूप भर उन्हाळ्यात थेंबभर पाणी न मागता हिरवंगार राहतं. बी मात्र असं आडमुठं, की धग लागल्याशिवाय कवच उघडायचं नाव नाही. आधी वणवा येऊन जायचा, मग हे महाशय डोकं वर काढणार! तीन वर्षं वेचून जमवलेलं ते बी माझ्या कृपेनं गटाराच्या वाटेला लागलं होतं.

काकू दारात आल्या. "अहो, जन्मभर लोकांच्या घरांत पाणी ओतलंत. कुणीतरी फेडणारच की!"

काका हसले नाहीत. खाली बसून चहाच्या गाळणीनं चिखल गाळायला लागले. मीही बसलो.

गाळता गाळता कळलं ते असं. काकांच्या धाकट्या बहिणीचं घर डोंगराच्या पायथ्याशी. वरचा उतार जळाला तेव्हा बंब घेऊन काकाच गेले होते. पुढच्या पावसात इतरत्र जळक्या बुंध्यांना कोंब फुटले. पण बहिणीच्या घराच्या वरच्या उतारावरचे बुंधे रस्त्यासाठी मुळासकट उपटले गेले होते. रस्ता झालाच नाही. आता दर पावसात माती थेट तिच्या स्वयंपाकघरात येते. गेल्या वर्षी तर ओट्याला टेकली.

"घर सोड म्हटलं, तर म्हणते, दादा, आधी डोंगराला समजाव." काकांनी गाळणी आपटली. "आग विझली की काम संपलं, असं वाटायचं मला. नंतरचं बघायला कधी मागे वळलोच नाही."

संध्याकाळपर्यंत मूठभर बी हाती लागलं. पुन्हा माती, पुन्हा पाला, पुन्हा काडी. मला काकूंनी हाताची घडी घालून लांब बसायला सांगितलं.

दीड महिन्यानं अकरा रोपं वर आली. वर्षभर ती डब्यांत वाढली. मी प्रेमानं जास्तीचं पाणी घालायला गेलो, की काका डबाच उचलून घेत. "लाडानं मुळं कुजतात हो."

पावसाच्या तोंडावर आम्ही ती उतारावर लावली. बहीण खालून ओरडत होती, "दादा, जपून! तूच घरंगळत येशील ओट्यावर!"

शेवटचं रोप लावून मी वर पाहिलं. उघडाबोडका, अवाढव्य उतार, आणि त्यावर वीतभर उंचीचे अकरा हिरवे ठिपके.

"काका," मी चाचरत विचारलं, "अकरा झुडपांनी एवढा डोंगर धरला जाईल?"

काकांनी रोपाभोवतीची माती पायानं दाबली.

"शून्यानं धरला नव्हता."