लांब, पण दूर नाही

त्या रविवारी सकाळी माझ्या घरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस अफझलगंजच्या एका टेलिफोन बूथचा मालक होता. "साब, भाभी गिर गए. आपका नंबर उनोच बताए." वृत्तपत्रात नोकरी केली की कोण, कुठे, कधी हे प्रश्न आपोआप तोंडात येतात. तेच विचारले. सुलभावहिनी, पुलाजवळ, आत्ताच. इस्पितळात पोचलो तेव्हा वहिनी गेल्या होत्या. हृदय बंद पडले, डॉक्टर म्हणाले. त्याला आता काही आठवडे झाले...

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. स्कूटरवरून सारे शहर पालथे घालायचा. एका अपघातात त्याची पाठ मोडली आणि कमरेखालचे शरीर गेले. तेव्हापासून विद्यानगरच्या घरातली खिडकीजवळची खाट हीच त्याची जागा. त्याला उचलणे, कुशीवर वळवणे, अंघोळ घालणे हे सगळे वहिनी एकट्या करत. अंगात ताकद राहावी म्हणून त्या पळू लागल्या. जामबागच्या कॉलेजात असताना पळायच्या, तेवढाच अनुभव. पण दादाला एकटे टाकून जाणार कुठे? म्हणून पहिली काही वर्षे घराभोवतीच्याच गल्ल्या. प्रत्येक फेरीला खिडकीवरून जायचे, आत डोकावायचे.

"पुन्हा आलीस?" दादा ओरडायचा. "मी आहे तिथंच आहे गं!"

"बघायला आले. म्हटलं, पळून गेलात की काय!"

शेजारणींना हा विनोद सोसायचा नाही. या दोघांना त्यावाचून सकाळ व्हायची नाही.

मग शहरात पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ निघू लागले. आधी बाजारात, मग विद्यापीठाच्या फाटकाशी, मग कोपऱ्याकोपऱ्यावर. देश बदलतो आहे अशा मथळ्यांचे ते दिवस होते. आमच्या घरात बदलला तो वहिनींचा रस्ता. दादाने एक पद्धत ठरवून दिली. वाटेतल्या प्रत्येक बूथवरून घरी फोन लावायचा. त्याने उचलला नाही तर तो ठीक आहे, पुढे जायचे. उचलला तर जवळच्या गल्लीने घरी परतायचे. रस्ते तोच आखायचा. पडल्या पडल्या डोळे मिटून गल्ल्या आठवायचा. "गिरणीवरून डावीकडे घे. तिथं नवा बूथ झालाय म्हणतात, बघून ये." त्याचे रस्ते घराला वळसे घालत वाढत जायचे आणि कुठूनही घराकडे एखादी आडवाट असायचीच. "लांब पळ," तो म्हणायचा, "पण दूर जाऊ नकोस."

हा नियम त्यानेच मोडला. वहिनींना एकदा मुसी नदीपर्यंत पळत जायचे होते, हे त्याला ठाऊक होते. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी दादाच्या खाटेजवळ बसलो होतो. त्याने पूर्ण रस्ता सांगितला, नदीकाठच्या अफझलगंजपर्यंत.

"तिथून घर लांब पडतं हो," वहिनी म्हणाल्या.

"बूथ आहे की. घंटी दे. मी काय मरत नाही लगेच."

"भाऊजी, ऐका यांचं. मला घालवायची घाई झालीय." आणि त्या हसत हसत बूट शोधायला गेल्या.

इस्पितळातून मी थेट दादाकडे गेलो. तो खुशीत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "पोचली बरं का नदीपर्यंत! आज किती वेळ घंटी वाजवत होती. ठेवली की पुन्हा लावली, ठेवली की पुन्हा लावली. मीही वस्ताद, हात लावला नाही. म्हटलं, जा पुढं."

बूथवाल्याने मला सांगितले होते. वहिनी छाती धरून आल्या, स्टुलावर बसल्या. घरी फोन लावत राहिल्या. कोणी उचलेना, तेव्हा माझा नंबर त्याला सांगितला. इतक्या काळजीने आखलेल्या त्या पद्धतीत वहिनींना काही झाले तर काय करायचे, हे ठरलेलेच नव्हते. दोघांपैकी एकालाही ते सुचले नव्हते. आजारी माणूस घरात होता.

दादाला हे सांगावे लागले. त्याने फोन उचलून छातीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरला...

आता त्याच्याजवळ एक बाई दिवसभर असते. फोन मात्र तोच घेतो, पहिली घंटी पुरी व्हायच्या आत. हॅलो म्हणत नाही. "कुठं आहेस?" असे विचारतो. ओळखीचे लोक गप्प होतात. परवा मी समोर असताना एक चुकीचा नंबर लागला. पलीकडच्या माणसाने, काय की, खरेच उत्तर दिले असावे. दादाने डोळे मिटले आणि सावकाश, एकही वळण न गाळता, त्या अनोळखी माणसाला तिथून विद्यानगरला आमच्या घरी यायचा रस्ता सांगितला.