खडपांच्या नावांची साधी फाईल

प्रा. शैलजाताई सामंत यांची आणि माझी पहिली भेट मालवणच्या कॉलेजात, शिक्षकांच्या खोलीत झाली. मी नांदगावहून मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. ताई गणित शिकवत. माझा कागद हातात घेऊन त्यांनी विचारले, "सर, तुमचं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं का?" मला ती थट्टा वाटली. लिहिलेले नंतरच्या माणसाला वाचता यावे, हा त्यांचा ध्यास मला पुढे कळला.

ऐंशीचे दशक सरत आले होते. कॉलेजात संगणक आला आणि ताईंनी त्यावर एक पुस्तक करायला घेतले. आमच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली खडपे, म्हणजे होडी फोडणारे खडक, आहेत. प्रत्येकाला नाव आहे आणि ते टाळायची खूण आहे. हे ठाऊक असलेले तांडेल, होडी हाकणारे म्हातारे, एकेक करून जात होते. त्यांतले दाजी रोज दुपारी येऊन सांगत, ताई टंकत.

मजकूर साठत होता तो संगणकातल्या लेखनाच्या प्रोग्रामच्या स्वतःच्या स्वरूपात. ठळक मथळे, नक्षीची चौकट. मला फार आवडे. ताई अस्वस्थ असत. "सर, हे रूप त्या कंपनीच्या प्रोग्रामशिवाय उघडत नाही. उद्या कंपनी बुडाली तर?"

प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, तेव्हा ताईंनी फ्लॉपी त्यात उघडून पाहिली. दाजी शेजारी बसले होते. हिरव्या अक्षरांत जिथे जिथे 'क' होता तिथे 'र' उमटला होता. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाने साठवतो, ते क्रमांक बदललेत, ताई म्हणाल्या, आणि दाजींसाठी ओळी मोठ्याने वाचू लागल्या. 'कवळी' नावाच्या खडपाशी आल्या, तेव्हा पडद्यावर 'रवळी' होते.

दाजी उठून उभे राहिले.

"बाई, ह्यां नाव तुमका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही, दाजी. अक्षर बदललंय."

"रवळी नावाचा खडप आसा थंय, कवळीच्या बाजूक. माझो धाकटो भाव थंयसरच बुडान रवलो. त्या दिसापासून आमच्या घरात ह्यां नाव कोण घेणत नाय." ते दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "पुसान टाका."

ताई फ्लॉपी घेऊन ओरोसला गेल्या. मीही सोबत होतो. तिथल्या एका कचेरीत प्रोग्रामची जुनी आवृत्ती असलेले यंत्र होते. त्यावर सगळे 'क' जागच्या जागी परत आले. फक्त एका ओळीत नाही. तिथे 'रवळी'च होते. ताईंनी ती ओळ पुसून 'कवळी' टंकले, फाईल बंद केली, पुन्हा उघडली. रवळी. मी कारण विचारले. "माहीत नाही," ताई म्हणाल्या. जे कळले नाही ते कळले असे सांगताना मी त्यांना कधीच ऐकले नाही.

नाव ठेवायचे की नाही, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले नाही. त्या दाजींच्या घरी गेल्या, आणि घडले ते सांगितले. दाजी म्हणाले, "माझो भाव ता नाव सांगूक बघत आसात. माझे नातू दर्यार जातत. लिवा." आणि त्यांनी खूण सांगितली: देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की होडी वळवायची.

त्यानंतर ताईंनी नक्षीचे स्वरूप कायमचे सोडले. साधी फाईल केली: नुसती अक्षरे आणि ओळी. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, याचा तक्ता कागदावर छापून प्रत्येक फ्लॉपीसोबत ठेवला. कवळी आणि रवळी, दोन्ही त्या फाईलीत शेजारी शेजारी आहेत.

माझी पत्नी आजारी होती, तेव्हा ताईंनी न सांगता माझे तास घेतले. गणिताच्या बाईंनी व्याकरण शिकवले आणि मुलांना ते कळलेही.

दाजी आता नाहीत. यंत्रे किती बदलली याची गणती नाही. दर वेळी ताई फाईल नव्या यंत्रावर नेतात आणि सगळ्यात आधी रवळीची ओळ पाहतात. यंदा ताईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे ते काम माझ्यावर आले. सगळी अक्षरे जागेवर होती. फक्त रवळीच्या खाली एक कोरी ओळ होती, कोणीही न सोडलेली, आणखी एका खडपाचे नाव लिहिण्याइतकी.

मी ताईंना सांगितले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पट्टी निघाली की मी बघते."

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ताईंची दृष्टी लवकर निवळो, प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना खूप वर्षे लाभोत. ती फाईल पुन्हा एकट्याने उघडायला मी तयार नाही.