कॅप्टन आई

चंदेरी स्प्रेचा वास आला की मला अंबरपेठेतली आमची गच्ची आठवते, कारण तिथेच आम्ही मित्रांनी एका मालिकेसाठी थर्माकोलचं, चंदेरी रंग मारलेलं अंतराळयान उभं केलं होतं आणि त्याची कॅप्टन म्हणून माझ्या आईला बसवलं होतं. मालिकेचा पहिला भाग यूट्यूबवर टाकला, तर लोक यानापेक्षा आईच्या बोलण्यालाच जास्त हसले. “यान हल्लू उतरव,” या तिच्या वाक्याखाली एकानं लिहिलं, ‘ही कुठली मराठी?’ पिढ्यान्‌पिढ्या परराज्यात राहिलेल्या आमच्या घरी तर असंच बोलतात. आईनं सगळं वाचलं आणि चष्मा काढून म्हणाली, “पुढच्या भागात मला नको घेऊ रे.” त्याच आठवड्यात सुलतान बाजारात ती ब्लाउजपीस बघत असताना शेजारी उभी असलेली कॉलेजातली एक मुलगी एकदम म्हणाली, “आंटी, तुम्हीच कॅप्टन ना? मला मराठी वाचायला येत नाही, पण तुमचं सगळं समजलं. आमच्या घरी असंच बोलतात. यान परत येतं का नाही, सांगा ना!” आई लाजली, मग ठसक्यात म्हणाली, “रविवारी शूटिंग आहे, तेव्हा ठरवते.” आता सहाव्या भागाचं काम चाललंय, आणि आपले संवाद आई स्वतःच लिहिते.